नाचाचा नट आणि दूरचित्रवाणीचा पडदा : रायपूर, १९७३ ते १९८१

भारतीय दूरचित्रवाणी-नाट्याच्या आरंभाची चर्चा सामान्यतः दिल्ली आणि मुंबई या दोन केंद्रांभोवती फिरते. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झालेले प्रायोगिक प्रक्षेपण, २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेले मुंबई केंद्र आणि तेथील कलागृहांत रंगभूमीवरून आलेले नट, असा हा इतिहास आहे. या इतिहासात रायपूरचे नाव अभावानेच येते. वास्तविक १९७३ ते १९८१ या काळात रायपूरच्या परिसरात तीन घटना घडल्या. १९७३ साली हबीब तन्वीर यांनी रायपुरात नाचा कलावंतांची अभिनय-कार्यशाळा घेतली. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याच्या प्रयोगासाठी ज्या सहा प्रदेशांची निवड झाली, त्यांत मध्य प्रदेशातील रायपूरचा परिसर होता. आणि १९८१ साली सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या ‘सद्गति’ या कथेवरील दूरचित्रवाणीपट दूरदर्शनसाठी याच परिसरात चित्रित केला. या तीन घटनांचा एकत्र विचार करणे आणि त्यांच्या आधारे नटाची भाषा व माध्यमाची भाषा यांच्या संबंधाविषयी काही विधाने करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठी अभ्यासकाने या विषयाकडे वळण्यास दोन कारणे आहेत. पहिले कारण ऐतिहासिक आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर असल्याने १९५६ पर्यंत रायपूरचे शिक्षण, न्यायदान आणि वृत्तपत्रव्यवहार नागपूरशी बांधलेले होते. १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठी भाषक होते, आणि १९२३ साली रायपुरात जन्मलेल्या हबीब तन्वीर यांचे महाविद्यालयीन शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले. दुसरे कारण रंगभूमीच्या संदर्भातील आहे. नाचाला छत्तीसगढातही ‘गम्मत’ म्हणतात. गोंदिया-भंडारा भागातील खडी गंमत हा त्याचा अगदी जवळचा आप्त आहे. उभ्याने वाजवणारे साथीदार, स्त्रीवेशातील पुरुष आणि रात्रभर चालणारे प्रहसन ही लक्षणे राज्यांच्या सीमेपाशी थांबत नाहीत. त्यामुळे नाचाच्या नटाविषयीचा प्रश्न काही अंशी आपल्या झाडीपट्टीच्या नटाविषयीचाही प्रश्न ठरतो.

१. कार्यशाळा : नटाला त्याची भाषा परत देणे

तन्वीर यांचा नाचाच्या नटांशी संबंध १९७३ पूर्वीचा होता. लंडनची रॉयल अकादमी आणि ब्रिस्टल येथील शिक्षण, त्यानंतरचा युरोपचा प्रवास आणि बर्लिनमध्ये पाहिलेले ब्रेख्तचे रंगकार्य ही शिदोरी घेऊन ते भारतात परतले आणि १९५८ साली त्यांनी दिल्लीत ‘मृच्छकटिक’चा ‘मिट्टी की गाड़ी’ हा प्रयोग केला. त्यासाठी त्यांनी छत्तीसगढातून सहा लोकनट नेले होते. १९५९ साली मोनिका मिश्र यांच्यासह ‘नया थिएटर’ची स्थापना झाली. ठाकूरराम, मदनलाल, लालूराम, भुलवाराम हे नट गावच्या मैदानावर हजारोंना रात्रभर खिळवून ठेवत. मात्र दिल्लीच्या रंगमंचावर तेच नट अवघडल्यासारखे वाटत. या अवघडलेपणाचे कारण सापडण्यास तन्वीर यांना जवळजवळ पंधरा वर्षे लागली, आणि त्याविषयी ते पुढे मोकळेपणाने बोलत.

ते कारण दुहेरी होते. नाचाचा प्रेक्षक तिन्ही-चारही बाजूंनी बसतो. तेथील नटाला ‘उजवीकडून प्रवेश, डावीकडे तीन पावले’ ही आखणी परकी असते. प्रतिसाद ज्या दिशेने येईल तिकडे तो वळतो. दुसरे कारण अधिक मूलभूत होते. हे नट हिंदी बोलू शकत होते, परंतु हिंदीत विचार करत नव्हते. नाचात लिखित संहिता नसते. प्रसंगाचा सांगाडा ठरलेला असतो आणि ‘जोक्कड’ व ‘परी’ यांच्यातील संवाद त्या रात्री, त्या गावाला उद्देशून घडतो. पाठ केलेल्या हिंदी वाक्यासमोर उभा राहिल्यावर नटाची ही तत्काळ रचण्याची शक्ती निरुपयोगी ठरते आणि त्याच्याकडे केवळ स्मरणशक्ती उरते.

१९७३ च्या रायपूर कार्यशाळेचे महत्त्व या निदानावरील उपाय म्हणून आहे. सुमारे महिनाभर चाललेल्या या कार्यशाळेत निरनिराळ्या नाचा मंडळ्यांतील शंभराहून अधिक कलावंत एकत्र आले होते. अभिनय-कार्यशाळा म्हटल्यावर आपल्यासमोर जे चित्र येते, त्यात जाणता प्रशिक्षक आणि नवशिके प्रशिक्षणार्थी अशी विभागणी असते. येथे शिकणारा मुख्यतः दिग्दर्शक होता. नट आपली प्रहसने करून दाखवत, दिग्दर्शक त्यातून निवड करी, जोडणी करी, आणि नव्याने लागणारा मजकूर नटांच्याच तोंडून छत्तीसगढीत घडवून घेई. तीन पारंपरिक प्रहसने एकमेकांत गुंफून तयार झालेले ‘गाँव के नाँव ससुरार, मोर नाँव दमाद’ हे नाटक या कार्यशाळेचे फलित होय. दिल्लीच्या प्रेक्षकाला छत्तीसगढी कळणार नाही, ही भीती या प्रयोगाने बाजूला सारली.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्याकडेही १९६० नंतर लोकनाट्याकडे वळण्याची लाट आली. तमाशा, दशावतार, कीर्तन यांचे घटक घेऊन नागर नटांनी नागर संहिता सादर केल्या. ‘घाशीराम कोतवाल’ हे त्याचे सर्वांत तेजस्वी उदाहरण. तेथे लोकरूप आले, मात्र लोकनट आला नाही. रायपूरच्या कार्यशाळेत रूपाचा प्रश्न दुय्यम होता. एखाद्या नटाला त्याची भाषा, त्याची गती आणि त्याचा वेळ दिला असता तो काय करतो, हा तेथील प्रश्न होता. म्हणून या दोन प्रवृत्तींना ‘मुळांकडे परतणारी रंगभूमी’ या एकाच नावाखाली घालणे समीक्षेच्या दृष्टीने दिशाभूल करणारे आहे.

ही पद्धती परकी कथा कशी आपलीशी करते, याचे उदाहरण ‘चरणदास चोर’मध्ये मिळते. मूळ लोककथा राजस्थानातील, विजयदान देथा यांनी लिहिलेली. १९७४ साली भिलाई येथील कार्यशाळेत तिच्यावर काम सुरू झाले आणि तिचे प्राथमिक रूप सतनामी समाजाच्या मेळाव्यासमोर उघड्या मैदानावर सादर झाले. गुरू घासीदासांच्या सतनाम पंथाचा आधार ‘सत्य’ हा आहे. खरे बोलण्याचा शब्द दिल्यामुळे प्राणाला मुकणाऱ्या चोराची कथा त्या भूमीवर आली, तेव्हा पंथीचे गीत व नृत्य तिच्यात आपसूक आले आणि कथेचा अर्थ पालटला. राजस्थानी चातुर्यकथा सत्यनिष्ठेची शोकांतिका झाली. १९७५ साली पूर्ण झालेल्या आणि १९८२ साली एडिनबरो येथे ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळवणाऱ्या या नाटकाचे श्रेय देताना दिग्दर्शकाबरोबर या स्थलांतरालाही श्रेय द्यावे लागते. असे असले तरी या पद्धतीने मालकीचा प्रश्न कायमचा सुटला असे नाही. २००९ साली, तन्वीर यांच्या निधनानंतर काही आठवड्यांतच, सतनामी समाजातील काही नेत्यांच्या आक्षेपावरून छत्तीसगढ शासनाने या नाटकाच्या पुस्तकावर बंदी घातली. ज्यांच्यासमोर नाटक प्रथम उभे राहिले, त्याच समाजातून पस्तीस वर्षांनी आक्षेप यावा, ही घटना ‘लोकांचे नाटक’ या संज्ञेतील ‘लोक’ किती अस्थिर आहे हे दाखवते.

२. उपग्रह : दिल्लीहून येणारा आवाज

कार्यशाळेनंतर दोनच वर्षांनी, १ ऑगस्ट १९७५ रोजी, अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने भारतातील सहा राज्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. सुमारे २,४०० खेड्यांत सामूहिक संच बसवण्यात आले आणि ३१ जुलै १९७६ पर्यंत रोज सुमारे चार तास कार्यक्रम प्रक्षेपित झाले. तात्पर्य, छत्तीसगढातील काही खेड्यांनी दूरचित्रवाणी पाहिली ती महाराष्ट्रातील बहुसंख्य तालुक्यांच्या आधी. चावडीवर किंवा शाळेच्या पडवीत ठेवलेला संच आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसलेला गाव, हे दृश्य बाह्यतः नाचाच्या प्रेक्षागाराशी मिळतेजुळते होते. साम्य तेथेच संपत होते.

बिहार, राजस्थान व मध्य प्रदेश या तिन्ही राज्यांसाठीचे हिंदी कार्यक्रम दिल्लीत तयार होत. भोजपुरी-मैथिली, ढुंढाडी आणि छत्तीसगढी बोलणाऱ्या गावांना एकच हिंदी ऐकवली जाई. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन यांविषयीचा उपदेश नाट्यरूपात देण्याची पद्धत याच काळात रूढ झाली. आपल्याकडील दूरचित्रवाणी-नाट्याचा उगम शोधताना या लहान उपदेशपर नाटिकांकडे दुर्लक्ष होते. त्या कलाकृती म्हणून सामान्य असतील. मात्र खेडूत पात्र पडद्यावर कसे बोलते, कसे बसते, कशाला हसते, याचे संकेत त्यांनी घडवले. दिल्लीतील नट ‘गावकरी’ झाला आणि गावातला नट त्याला पाहणारा प्रेक्षक झाला.

याच काळात गुजरातेतील खेडा जिल्ह्यात पीज येथील प्रक्षेपकावरून वेगळा प्रयोग चालला होता. तेथे कार्यक्रमांची भाषा त्या भागातील लोकबोलीच्या जवळची होती आणि गावकऱ्यांचा निर्मितीत सहभाग असे. म्हणजे स्थानिक बोलीत दूरचित्रवाणी-नाट्य करणे तंत्रदृष्ट्या अशक्य नव्हते. रायपूरच्या वाट्याला ते आले नाही, कारण उपग्रह एकच संदेश विस्तीर्ण प्रदेशाला देण्यासाठी होता आणि त्या विस्तारासाठी हिंदी हा एकच छत्र-शब्द पुरेसा मानला गेला. रायपूरच्या कार्यशाळेने दोन वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते की या भागातील नट हिंदीत अवघडतो. जेथे नट अवघडतो तेथे प्रेक्षकही अवघडतो, हे अनुमान मात्र कोणी काढले नाही.

३. ‘सद्गति’ : स्थलांतरित कथा, स्थानिक भूमी

सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेला ‘सद्गति’ हा सुमारे पन्नास मिनिटांचा दूरचित्रवाणीपट भारतीय दूरचित्रवाणी-नाट्यातील पहिल्या प्रतीच्या कलाकृतींत मोडतो, याविषयी दुमत नसावे. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला पंडित घासीरामाकडे आलेला दुखी चर्मकार, उपाशीपोटी त्याच्यावर लादलेली कामे, न फुटणारा लाकडाचा ओंडका, दुखीचा मृत्यू, आणि कोणीही न उचललेले ते प्रेत अखेर पंडितानेच पायाला दोरी बांधून फरफटत नेणे, हा कथाभाग राय यांनी जवळजवळ मुळाबरहुकूम ठेवला आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याची पात्रयोजना महत्त्वाची आहे. येथे चार निरनिराळ्या अभिनयपरंपरा एका चौकटीत आल्या. दुखीची भूमिका करणारे ओम पुरी राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट या दोन्ही संस्थांत शिकलेले. झुरियाच्या भूमिकेतील स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देत असत. तेथून त्या चित्रपटात आल्या. त्यांच्या आरंभीच्या भूमिकांपैकी एक श्याम बेनेगल यांच्या ‘चरणदास चोर’ (१९७५) या बालचित्रपटातील, म्हणजे तन्वीर यांच्या नाचा नटांच्या सान्निध्यात छत्तीसगढातच केलेली होती. पंडिताच्या भूमिकेत होते मोहन आगाशे, पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीचे नट. १९७२ पासून ‘घाशीराम कोतवाल’मध्ये ते नाना फडणवीस रंगवीत होते, येथे घासीराम हे नाव त्यांच्याच वाट्याला आले. नानाची सत्ता मानवी पडद्याच्या लयीत, चालीत आणि शैलीबद्ध हावभावांत प्रकटे. पंडिताची सत्ता आगाशे यांनी निवांतपणातून उभी केली. खाणे, लवंडणे, आवाज न चढवता काम सांगणे, यांतून ब्राह्मण्याचा अधिकार किती सवयीचा आहे ते जाणवते. मोठ्या रंगमंचावरचा नट लहान पडद्यासाठी आपला अभिनय कसा आटोक्यात आणतो, याचा हा वस्तुपाठ आहे.

चौथी परंपरा भैयालाल हेडाऊ यांची. दाऊ रामचंद्र देशमुख यांनी १९७१ साली दुर्गजवळच्या बघेरा येथे उभ्या केलेल्या ‘चंदैनी गोंदा’ या लोकरंगमंचाचे ते गायक-नट. ‘सद्गति’मध्ये त्यांनी गोंडाची भूमिका केली आहे. कथेत गोंड हा एकमेव माणूस आहे जो ब्राह्मण-चर्मकार या बंधाच्या बाहेर उभा आहे. तो दुखीला तंबाखू देतो, काही खाल्लेस का म्हणून विचारतो, आणि दुखी मेल्यावर वस्तीत जाऊन प्रेताला हात लावू नका म्हणून बजावतो. त्याच्यामुळेच पंडितावर प्रेत ओढण्याची पाळी येते. भूमिका लहान आहे. तरीही हेडाऊ पडद्यावर येतात तेव्हा चित्रपटाचा वेग किंचित बदलतो. ओम पुरी यांच्या अभिनयातील प्रत्येक ताण रचलेला, चढत जाणारा आहे. हेडाऊ यांच्या उभे राहण्यात रचना दिसत नाही. ते समोरच्याशी बोलतात तेव्हा आजूबाजूला आणखी माणसे ऐकत असावीत, असा भास होतो. मैदानावरच्या नटाची ही सवय क्लोज-अपमध्ये दोष ठरली असती. येथे ती पात्राच्या स्वभावाशी जुळली. सामाजिक रचनेबाहेरच्या पात्रासाठी राय यांनी त्या भूमीच्या आतला नट घ्यावा, हा योगायोग असो वा योजना, त्याचा परिणाम अर्थपूर्ण आहे.

येथून खरा प्रश्न सुरू होतो. प्रेमचंदांची कथा गंगेच्या खोऱ्यातील आहे. ती रायपूरजवळ आणली की तिच्यातील नामांचे अर्थ बदलतात. पूर्व उत्तर प्रदेशात ‘गोंड’ हे नाव भट्टी पेटवणे, पाणी भरणे अशा कामांशी निगडित जातीलाही लावले जाते. छत्तीसगढात गोंड म्हणजे या भूमीवर राज्य केलेला, संख्येने मोठा आदिवासी समाज. त्यामुळे चित्रपटातील गोंडाच्या निषेधाला कथेत नसलेले वजन मिळते. याउलट दुखीचे होते. छत्तीसगढातील चर्मकार समाजाचा मोठा भाग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सतनामी झाला. मूर्तिपूजा, जातिभेद आणि ब्राह्मणाचे पौरोहित्य नाकारणे हे त्या पंथाचे अंग होय. हा समाज शेती करणाराही होता. या भूमीवरचा दुखी मुहूर्तासाठी पंडिताच्या दारी जाण्याआधी त्याच्या आयुष्यात काही वेगळे घडलेले असायला हवे. चित्रपट त्याविषयी मौन पाळतो. भूमी छत्तीसगढची, आकाश आणि माती छत्तीसगढची, पण दुखीच्या मागे तेथला दीडशे वर्षांचा नकाराचा इतिहास नाही.

राय यांच्या श्रेष्ठत्वाला यामुळे बाधा येते असे नाही. दुखीचे विशिष्ट प्रदेशापासून सुटे होणे हीच त्याची शक्ती आहे, असा प्रतिवाद करता येईल आणि तो दुर्लक्षणीय नाही. राष्ट्रीय प्रक्षेपणाच्या पडद्यावर दुखी कोणत्याही गावाचा असू शकतो, म्हणूनच तो प्रत्येक गावाला दोषी ठरवतो. तथापि या व्यापकतेची किंमत कोण देतो, हे विचारले पाहिजे. ‘चरणदास चोर’मध्ये कथा नटांच्या हाती दिली गेली आणि त्यांनी ती आपल्या श्रद्धेच्या भाषेत पुन्हा सांगितली. ‘सद्गति’मध्ये कथा आणि संवाद आधी सिद्ध होते, भूमी पार्श्वभूमी म्हणून आली आणि स्थानिक नट एका भूमिकेपुरता आला. पहिल्या प्रकारची प्रक्रिया येथे घडली असती, तर ‘हा माणूस पंडिताकडे जातोच का?’ हा प्रश्न कोणा सतनामी नटाने पहिल्याच दिवशी विचारला असता. त्या प्रश्नातून कदाचित कमी नेटका, परंतु त्या भूमीशी अधिक प्रामाणिक चित्रपट निघाला असता.

४. मराठी संदर्भ आणि समारोप

मराठी दूरचित्रवाणी-नाट्याच्या आरंभाशी या साऱ्याची तुलना केली तर एक गोष्ट लक्षात येते. ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ ही चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील मालिका किंवा विजया मेहता यांचा लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वरील दूरचित्रवाणीपट घ्या. तेथे लेखकाची भाषा, नटाची भाषा आणि प्रेक्षकाच्या मोठ्या भागाची भाषा एकच होती. दिलीप प्रभावळकर, बाळ कर्वे यांना चिमणराव-गुंड्याभाऊंच्या बोलण्याचे वळण शिकावे लागले नाही. त्यामुळे कलागृहाची बंधने, मोजका वेळ आणि कॅमेऱ्यांची ठरलेली जागा यांवर नटाला मात करता आली. या यशाचे श्रेय आपण माध्यमाच्या जाणकारीला देतो. त्यातील भाषेच्या एकरूपतेचा वाटा आपण गृहीत धरतो, म्हणून तो दिसत नाही. रायपूरच्या उदाहरणाने तो दिसू लागतो. आणि मुंबईच्या पडद्यावर झाडीबोलीतील नाट्य त्या काळात किती ऐकू आले, हे आठवले की आपल्या ‘एकरूपते’च्या सीमाही ध्यानात येतात. पूर्व विदर्भाच्या नटाच्या दृष्टीने मुंबई दूरदर्शनची मराठी आणि रायपूरच्या नटाच्या दृष्टीने दिल्लीची हिंदी यांत अंतर असेल, पण ते प्रकाराचे नसून प्रमाणाचे आहे.

तौलनिक साहित्याभ्यासात रूपांतराचा विचार प्रायः संहिता ते संहिता, किंवा संहिता ते माध्यम असा केला जातो. या आठ वर्षांचा दाखला असे सुचवतो की या दोहोंमध्ये नट हा तिसरा घटक मोजला पाहिजे, आणि नट म्हणजे त्याची बोली, त्याची जात, त्याची प्रेक्षकाकडे वळण्याची सवय. १९७३ च्या कार्यशाळेने हे प्रत्यक्ष प्रयोगाने सिद्ध केले होते. पुढच्या दूरचित्रवाणीने त्या अनुभवाचा उपयोग केला नाही. नाचाचे नट ध्वनिचित्रफितींवर नोंदले गेले, पण नाट्यनिर्मितीची पद्धत म्हणून कार्यशाळा पडद्यापर्यंत पोहोचली नाही.

या नटांचा अभ्यास आज करावयाचा तर साधने विषम आहेत. दिग्दर्शकांविषयी ग्रंथ आहेत, मुलाखती आहेत. ठाकूरराम, फिदाबाई, मालाबाई किंवा भैयालाल हेडाऊ यांच्या अभिनयाचे विश्लेषण करणारे लेखन अत्यल्प आहे. ‘सद्गति’तील गोंडाची ती मोजकी दृश्ये म्हणूनच मोलाची आहेत. छत्तीसगढच्या मैदानी रंगभूमीवर घडलेला एक नट देशातील सर्वोत्तम प्रशिक्षित नटांच्या शेजारी, एकाच प्रकाशात, एकाच चौकटीत उभा असलेला तेथे पाहता येतो. मराठी आणि छत्तीसगढी अभ्यासकांनी खडी गंमत व नाचा यांच्या नटांचा संयुक्त अभ्यास हाती घेतल्यास आरंभ या दृश्यांपासून करावा, असे सुचवावेसे वाटते.